हात लावू नगंस!

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आप्पांकडे चहा मिळतो, चांदीची नाणी बघायलाही मिळतात. पण दोन्ही एकदम नाही. आधी चहा, मग साबणानं हात, मग पंच्यानं पुसणं, आणि शेवटी आप्पा स्वतः पाहुण्याची बोटं हुंगून बघणार. कांद्याचा वास आला की दर्शन बंद. "गंधक असतोय कांद्यात. चांदी काळी पडती." मिसळीच्या गावात बिनकांद्याची बोटं शोधत बसलेला हा एकटाच माणूस असावा.

आप्पांना नाणं कोरं लागतं. टांकसाळीतून निघालेलं आणि बाजाराचं तोंड न बघितलेलं. गांधी जन्मशताब्दीला, 1969 साली निघालेलं दहा रुपयांचं नाणं हे त्यांचं पहिलं प्रेम: वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के. पुढं 1972 साली स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं आलं. ते साडेबावीस ग्रॅमचं झालं, पण चांदी 50 टक्क्यांवर आली. "रौप्यमहोत्सव, आन् रौप्यच निम्मं!" हे दुःख आप्पा दर पाहुण्याला नव्यानं सांगतात.

नाणी गोल कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल डब्यात, डबा कपाटात. पीव्हीसीची पाकिटं घरात वर्ज्य, कारण त्यांचा हिरवट चिकटा नाण्याला धरतो. डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या ओल धरतात, म्हणून पावसाळ्यात त्यातले दाणे भाकरीच्या तव्यावर तापून कोरडे होतात. भाकरी तोवर थांबते. 2019 च्या महापुरात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आधी डबा माडीवर गेला, मग टीव्ही, मग माणसं.

एवढी राखण असून घात व्हायचा तो घरातच झाला. लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया हवा म्हणून काकूंनी डबा उघडला. गांधींचं नाणं त्यांना जरा मळकट वाटलं. दात घासायच्या पांढऱ्या पावडरीनं त्यांनी ते लख्ख केलं, वर हळदकुंकू वाहिलं. आप्पा दिवाळीभर बोलले नाहीत. घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी संपलं. टांकसाळीची झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

तरी आशेनं ते नाणं घेऊन गुजरीत गेले. सराफानं काट्यावर टाकलं. "बारा ग्रॅम चांदीचे पैसे देतो."

"अरं, गांधी हाईत त्याच्यावर!"

"आटवल्यावर काय कळतंय, आप्पा?"

"मग हुपरीला देऊन नातीचे पैंजण तरी करून आणा," काकू म्हणाल्या. आप्पांनी तेही केलं नाही.

नाणं आता देव्हाऱ्यात असतं. तुम्हाला ते बघायचं असेल तर आप्पांना विचारू नका. काकूंना सांगा, त्या सरळ हातात देतात.