गुणांची अतिवृष्टी

२०२१ साली बारावीची परीक्षा रद्द होऊन, दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचा ३०, ३०, ४० या प्रमाणात जो ताळेबंद राज्य मंडळाने मांडला, त्यायोगे आदल्या वर्षीचा ९०.६६ टक्क्यांचा निकाल ९९.६३ वर आरूढ झाला आणि दुष्काळाची आणेवारी लावण्यात हयात गेलेल्या आमच्या नगर जिल्ह्यातही गुणांची अतिवृष्टी झाली. (मास्तरांचे औदार्य निर्विवाद, महाविद्यालयातली बाके मात्र सुतारच करतो.) तेव्हा गावभर पेढे वाटून, लेकीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपत पाथर्डीहून पुण्यास दाखल झालेल्या एखाद्या ऊसतोड मजुरास प्रवेशाच्या खिडकीतला कारकून, मान वर न करता परंतु पूर्ण अदबीने, फर्मावीत असे : “मामा, नव्वदला आता कोण विचारतंय? तिसऱ्या यादीला बघा.”