रायप्पाचं इन्स्टॉलेशन

मुंबईत काळा घोडा महोत्सवात कुणी चार गंजके पत्रे उभे केले, की शेजारी परिच्छेदभर मजकूर लागतो: ‘अपूर्णतेचा शोध’ वगैरे. आमच्या चंद्रपुरात लालपेठला रायप्पा कोमटीनं हे काही शतकांपूर्वीच उरकलंय. भलंमोठं देऊळ बांधायला निघाला म्हणतात. अवाढव्य मूर्ती घडवल्या आणि गेला. देऊळ राहिलंच. दहा तोंडांची दुर्गा अजून उताणी पडलीय, आणि येणारे-जाणारे तिला खुशाल रावण म्हणतात. तिकीट नाही, फीत नाही, क्युरेटर तर नाहीच. पुरातत्त्व खात्याचा फलक तेवढा दंडाची धमकी देतो. शहराचं कलाप्रेम? ते सिमेंटच्या वाघाशेजारी सेल्फी काढतंय. खरा वाघ ऊर्जानगरच्या बाजूला फुकटात दिसतो, पण मेला पोज देत नाही.