दोष फरशीचा

गरोदर बाई फार घसरते, हे आपण केव्हाच मान्य केले आहे. वणी-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातही ती घसरते. बंगल्यातली मोरीत घसरते, गावातली पायरीवर घसरते आणि सुरगाणा-पेठहून छाटणीला आलेली तर शेणाने सारवलेल्या जमिनीवरसुद्धा घसरते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. वजन, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, काही म्हणता काही सुटत नाही. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर सारली, की कधी दंडावर चार बोटे काळीनिळी उमटलेली दिसतात. अनुभवी माणूस अशा वेळी गडबडत नाही. "दुसरा हात दे गं," म्हणतो. गडावरच्या सप्तशृंगीला १८ हात लागले. बीपीला दोन पुरतात. चुकून कुणी "काय झालं?" विचारलेच, तर शेजारी बसलेली सासू "मोरीत पडली" म्हणून मोकळी होते. पेशंटला तोंड उघडायचाही त्रास नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सांगून ठेवले, की गरोदरपणाच्या तपासणीत मारहाणीबद्दल विचारावे. पण बाई एकटी असताना, विचारायला शिकलेल्या माणसाने आणि पुढे मदतीची सोय असेल तरच. म्हणजे एक खोली, तिला दार, आणि नवऱ्याला-सासूला पाच मिनिटे बाहेर बसवण्याची हिंमत. खोली आणि दार यांचा प्रस्ताव पाठवता येतो. हिंमत कुठल्या हेडखाली टाकायची? मुंबईकरांना असले उद्योग परवडतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र काढले, नर्सना विचारायला शिकवले, आणि बायका चक्क बोलू लागल्या.

बोलल्या की काम वाढते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार दवाखान्याने उपचार नाकारायचे नाहीत. आधी अहवाल झालेला नसेल, तर नमुना भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडायचा. त्यापेक्षा "घरचं प्रकरण आहे" हे किती सुटसुटीत! पोटावर लाथ बसून दिवस भरायच्या आत बाळंत झाली, बाळ कमी वजनाचे निघाले, तरी कारण तयार असते: लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या नसतील.

राहता राहिली फरशी. तिच्यावरून सासरे चालतात, दीर चालतो, पिऊन आलेला नवराही अंथरुणापर्यंत बिनचूक पोचतो. घसरते ती एकटी सून, तीही दिवस गेल्यावरच. तेव्हा घरकुलाच्या अंदाजपत्रकात खडबडीत फरशी सक्तीची करावी, अशी नम्र सूचना आहे. खर्च होईल, पण जोखीम नाही. बाईला विचारले, तर ती सांगायची.