मायना ज्याचा त्याचा, मजकूर सगळ्यांना एकच

श्रीयुत विक्रीप्रमुख महोदय यांसी,

कृ. सा. न. वि. वि.

आपलं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या वडिलांचं नाव आपण ज्या सहजतेनं वापरलंत, ती सवय मला नाही.

पहिले आभार भाषेबद्दल. बुऱ्हाणपुरात आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी. वीजबिल हिंदीत येतं, बँकेची नोटीस इंग्रजीत. धंद्यातली मराठी पत्रं यायची ती वडिलांच्या काळात, खानदेशातल्या सूतवाल्यांची पोस्टकार्डं. ती बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आपलं ईमेल उघडलं तर समोर शुद्ध, हळुवार मराठी. माझ्या आडनावावरून आपल्या यंत्रानं भाषा निवडली असणार, हे नंतर ध्यानात आलं. तेव्हा मात्र वाटलं, कुणी आपलं माणूस लिहितंय.

दुसरे आभार सांत्वनाबद्दल. वडील गेले त्या दिवशी मी नातेवाइकांसाठी मोबाइलवर जाहीरपणे चार ओळी टाकल्या होत्या: आज वीज आहे आणि आपले माग बंद आहेत, असं पहिल्यांदाच घडतंय. वीज गेली की माग थांबतात, ते नेहमीचंच. त्या दिवशी मागवाल्यांनी आपण होऊन बटणं बंद केली होती. आपण लिहिलंत, "त्या दिवशी थांबलेला आपल्या मागांचा आवाज मला इथे बसून ऐकू आला. काल संध्याकाळी मी बराच वेळ आपल्या वडिलांचा विचार करत होतो." मी ते वाचून रडलो, महोदय. आईला वाचून दाखवलं. पत्राखालच्या नावाला तिनं हात जोडले.

मी आपल्याला उत्तर लिहिलं. रात्री बसून, दोन पानं भरतील एवढं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं. ग्लानीतही त्यांची बोटं चादरीवर तुटलेला धागा जोडत असायची, तेही लिहिलं. पाठवल्यावर दीड मिनिटात आपलं उत्तर हजर: "हे ऐकून खूप आनंद झाला! मंगळवारी दुपारी ४ वाजता १५ मिनिटं मिळतील का?"

या तत्परतेबद्दल मी आपला ऋणी आहे. त्या दीड मिनिटामुळेच कळलं की पलीकडे कुणी बसलेलंच नाही.

बाकीचं भाच्यानं समजावलं. हजारो नावांची यादी यंत्राच्या हवाली करायची. यंत्र प्रत्येकाबद्दल जाहीर असेल ते वाचतं, पुरस्कार, वाढदिवस, मृत्यू, आणि त्यातून सुरुवातीच्या दोन-तीन ओळी रचतं. पुढचा विक्रीचा मजकूर आधीच तयार असतो. पत्रात डोळ्याला न दिसणारं एक चित्र असतं. पत्र उघडलं की ते तिकडे वर्दी देतं. मी ते पत्र त्या आठवड्यात किती वेळा उघडलं, मला मोजता येणार नाही. आपल्याकडे मोजदाद असेल. वडिलांसाठी मी उघडत होतो आणि आपल्या वहीत गिऱ्हाईक तयार होत असल्याची नोंद पडत असेल.

रावेरच्या माझ्या चुलतभावाचा केळीचा धंदा आहे. त्यालाही आपलं पत्र आलंय. त्याच्या पत्रात सुरुवातीला केळीचे घड आहेत, माझ्या पत्रात वडील. "काल संध्याकाळी मी बराच वेळ" दोघांच्याही पत्रात आहे. खालचा मजकूर स्वल्पविरामासकट एक.

आमची जुनी पत्रं याच्या नेमकी उलट असायची. वडिलांनी जपलेली पोस्टकार्डं मी परवा काढून पाहिली. साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, पत्र लिहिण्यास कारण की. हा मायना सूतवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना एकच, आणि त्यात कुणाची फसवणूक नव्हती, कारण तो सगळ्यांचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारणापुढचा मजकूर ज्याचा त्याचा: तुमच्या ४० नंबरच्या सुताच्या दोन पेट्या भिजल्या, तुमच्या मुलीच्या लग्नाला येणं होत नाही. आपण मायना ज्याचा त्याचा केलात आणि मजकूर सगळ्यांना एकच ठेवलात. माझ्या वडिलांचं मरण आपल्या पत्राचा मायना झालं.

आमच्या गावाचाही आपण गौरव केलात. बुऱ्हाणपूर म्हणजे मुमताज महलचं चिरविश्रांतिस्थान, असं आपण लिहिलंत. ती इथे १६३१ च्या जूनमध्ये गेली, तापीपलीकडे झैनाबादेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. इथल्या शाळकरी पोरालाही हे माहीत आहे. "कुंडी भंडाऱ्याच्या पाण्यासारखी आपली विक्री आपोआप वाहील," हेही आपलंच वाक्य. ते पाणी आपोआप वाहत नाही, महोदय. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, जाणत्या माणसांनी सातपुड्याच्या पायथ्याची जमीन पालथी घातली, झिरपणारं पाणी कुठे आहे ते हेरलं, भुयार खोदलं, उतार साधला, वर कुंड्यांची रांग उभी केली. म्हणून ते वाहतं.

आणि माझी विक्री तिप्पट करण्याचं आपलं आश्वासन. माझी विक्री शून्य आहे. आमच्या इथल्या कितीतरी मागवाल्यांसारखा मी मजुरीवर विणतो: शेठ सूत देतो, मी कोरं कापड देतो, मला विणाईचे पैसे मिळतात. एक फोन केला असतात तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. माझे वडील कधी गेले हे आपल्याला माहीत होतं. मी काय करतो हे माहीत नव्हतं.

विक्रेत्यानं गोड बोलू नये, असं माझं म्हणणं नाही. वडील स्वतःचं सूत घ्यायचे त्या काळातले एक दलाल तेराव्याच्या आधी आले होते. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले. इथल्या लालबागच्या स्टेशनावर उतरून रिक्षानं आले. अर्धा तास बसले, बंद मागाच्या बीमवरचं सूत बोटांत चोळत. फारसं बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी आमच्याकडून दलाली घेतली, तोंडभर स्तुतीही केली, त्यातली निम्मी धंद्यापोटी असेल. पण त्यांनी गाडी पकडली होती.

घाऊक पत्रं धाडणंही नवं नाही. पहिलं घाऊक जाहिरात-ईमेल ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गेलं, गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याकडून, सुमारे ४०० जणांना. आमचे नवे कॉम्प्युटर बघायला या, एवढंच त्याचं सांगणं. लोक तेव्हाही चिडले. पण त्यात कुणाच्या वडिलांची चौकशी नव्हती.

तक्रार कुठे करावी, तेही पाहिलं. १९०९ हा तक्रारीचा नंबर फोन आणि एसएमएससाठी आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून माणसानं स्वतः जाहीर केलेली माहिती वगळली आहे, आणि त्या चार ओळी मीच जाहीर केल्या होत्या. २०२४ मध्ये गूगलनं जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त ईमेल धाडणाऱ्यांना एका क्लिकवर नाव वगळण्याची सोय सक्तीची केली. मी तसं क्लिक केलं. तिसऱ्या दिवशी एका अक्षराच्या फरकानं दुसऱ्याच पत्त्यावरून आपलं पत्र आलं: "माझं आधीचं पत्र नजरेतून सुटलं असेल."

सुटलं नव्हतं. आई अजून विचारते, त्या भल्या माणसाचं पुन्हा पत्र आलं का. मी तिला खरं सांगितलेलं नाही.

म्हणून विनंती. आपल्या यंत्रातून माझ्या वडिलांचं नाव काढा. आणि आईला एक पत्र लिहा. कागदावर, स्वतःच्या हातानं. वडिलांची आठवण त्यात नको, ती आपल्याकडे नाही. "पहिलं पत्र मी लिहिलं नव्हतं," एवढं एकच वाक्य पुरेल. पोस्टकार्डावर मावेल.

पत्ता आपल्याकडे आहेच.

कळावे.

बुऱ्हाणपूरचा एक यंत्रमागवाला