हळदीचा भाव आणि दोन बेटं

मागच्या हंगामात हळदीला बरा भाव आला आणि आमच्या घरात समुद्र शिरला. एरवी वसमतच्या मोंढ्यात कांडी चांगल्या भावाने गेली की माणूस उसनवारी फेडतो, जमलं तर ट्रॅक्टर बदलतो, नाहीतर पोरीच्या लग्नाचं बघतो. आमची पोर पुण्यात नोकरीला. लग्नाचा विषय काढला की तिच्या फोनची रेंज जाते. तिनेच टूम काढली, "पप्पा, यंदा आपण बेटावर जाऊ. अंदमान का लक्षद्वीप, तेवढं तुम्ही ठरवा."

आता हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाने बेट ठरवायचं म्हणजे काय! आमच्या नशिबी पाणी म्हणजे सिद्धेश्वरचा कालवा, त्याची पाळी कधी सुटणार यावरची भांडणं आणि घरची विहीर. मी पवायला शिकलो तो कमरेला वाळका भोपळा बांधून, तेही चुलत्याने काठावरून ढकलून दिल्यावर. अंदमान मात्र आम्हाला पाठ आहे, पण पावसाची बातमी म्हणून. मे महिन्याच्या विशीत 'मान्सून अंदमानात दाखल' असं ऐकू आलं की आम्ही हळदीचं बेणं निवडायला बसतो. तिथे माणसं राहतात, हॉटेलं आहेत, नाश्ता भाड्यातच धरलेला असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि लक्षद्वीप? ते बातम्यांत केरळच्या शेपटाला येतं, तोवर आम्ही चॅनेल बदललेलं असतं.

एजंटाने दोन्हींची रंगीत पुस्तकं पाठवली. हळद भरण्याचे दिवस, घरात सगळ्यांचे हात पिवळे. दोन दिवसांत लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यावर माझ्या अंगठ्याचे ठसे उठले आणि अंदमानच्या पांढऱ्या वाळूवर बायकोच्या बोटांचे. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते असं थेट समुद्रापर्यंत पोचलं.

मी विषय आडतीच्या ओट्यावर नेला. लक्षद्वीपची बेटं 36, माणसं राहतात ती 10 बेटांवर, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. शेजारच्याने मोबाइल काढून लगेच एकर केले. "आठ हजारबी भरंनात की ओ! एवढ्यात आपल्या पूर्णा कारखान्याचा ऊस तरी मावंल का?" मग मी अंदमान-निकोबारचा आकडा काढला, 8,249 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या हिंगोली जिल्ह्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास. ओट्याचं मत तिथेच अंदमानकडे झुकलं. जमीन जास्त तो पाव्हणा मोठा, हा आमच्याकडचा नियम. पण मी बोलता बोलता सांगून बसलो की 2011 च्या जनगणनेत लक्षद्वीपची माणसं होती 64 हजारांच्या वर, म्हणजे आपल्या वसमतच्या आसपास, आणि तेवढ्यांना स्वतंत्र खासदार आहे. झालं! आपण मात्र हिंगोली, कळमनुरी, उमरखेड, किनवट आणि हदगावबरोबर एक खासदार वाटून घेतो, म्हणून ओटा पेटला. सहल राहिली बाजूला. चहाच्या दुसऱ्या फेरीला वसमत केंद्रशासित करावं असं एकमताने ठरलं.

लक्षद्वीपचे खरे कैवारी म्हणजे आमचे दाजी. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, किनाऱ्यावरचे फोटो सगळीकडे फिरले, तेव्हापासून दाजींच्या मोबाइलवर तोच समुद्र. "पाव्हणं, पाणी बघा पाणी! तळ दिसायलाय तळ!"

मी म्हटलं, "दाजी, आपल्याकडं तळ दिसला की टँकर सांगतेत."

दाजींनी दाद दिली नाही. कोचीहून जहाज, नाहीतर अगत्तीपर्यंत छोटं विमान, सगळी माहिती त्यांना तोंडपाठ. अडलं ते परवान्यावर. तिथे जायला बाहेरच्या भारतीयालाही प्रवेश परवाना लागतो, हे ऐकून माय म्हणाली, "आपल्याच देशात जायला इच्चारावं लागतंय व्हय? मग नकोच." माय माळकरी, आणि तिथली मासेमारी ट्यूनासाठी प्रसिद्ध, हे मी तिला सांगितलंच नाही. दुसरी गोष्ट दाजींना सांगितली: बंगारम सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. त्याच क्षणी बायकोचं मत लक्षद्वीपला पडलं. दाजी काही बोलले नाहीत, पण चहा निम्मा ठेवून उठले.

अंदमानबद्दल बायकोचा आक्षेप सरळ होता. "अहो, लोक सुट्टीत मौज करायला जातात, तुम्ही तुरुंग बघायला निघालात!" यावर मात्र माझ्याकडे विनोद नव्हता. सेल्युलर जेल 1906 मध्ये बांधून झाला. सात पाखे होते, आज तीन उभे आहेत. सावरकर 1911 मध्ये तिथे पोचले. कैद्यांना कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. ज्याने फाल्गुनाच्या उन्हात हळद शिजवायच्या कढईखाली जाळ घातला आहे, त्याला हा आकडा वाचून पुढचं पान पटकन उलटता येत नाही. बायकोही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, पण एकच दिवस."

नावांनी वेगळाच घोळ घातला. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप तर डिसेंबर 2018 लाच झालेलं. एजंटाच्या कागदावर जुनं नाव, पोरीच्या मेसेजमध्ये नवं. दाजींनी दोन्ही वाचून सल्ला दिला, "एवढ्या लांब जायलाव तर दोन्ही बेटं करा. पुन्हा कोण जातंय?"

महिन्याचा प्रश्न हळदीनेच सोडवला. मे महिन्यात तिथे पाऊस, जूनमध्ये इथे लागवड, फेब्रुवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश. उरला डिसेंबर. तेव्हा हळद जमिनीत असते, पाण्याची एखादी पाळी गड्यावर सोपवता येते. पण बेटाचा निकाल लावला तो मायने. देशभर घड्याळ एकच आणि अंदमान पार पूर्वेला, त्यामुळे तिथे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस मावळतो, असं पोरीने फोनवर सांगितलं. लक्षद्वीपला सहा वाजून जातात.

"पाचला दिवस मावळतो?" मायने खात्री करून घेतली. "मग सहाला जेवून साताला झोपता येतंय. तिकडंच चला."

पोरीने चार तिकिटं काढली. पैसे भरले, पावती आली, आणि तासाभरात दाजींचा फोन. "पाव्हणं, अंदमान ठरलं म्हणे! चांगलं केलात. मीबी इचार केला, लक्षद्वीपात तसं काय नाही. आम्हीबी येतो, आम्ही दोघं अन् तिन्ही लेकरं. खोल्या शेजारी शेजारी घ्या."

तेव्हापासून मी रोज रात्री जेवणं झाल्यावर दाजींना फोन लावतो. "दाजी, अंदमानात लई गर्दी असती. तुमचं लक्षद्वीपच खरं. पाणी बघा पाणी! तळ दिसायलाय तळ!"