काटाघरातले भाऊ

साखर कारखान्यात अध्यक्ष बदलतात, कार्यकारी संचालक बदलतात, एखाद्या निवडणुकीत अख्खं पॅनेल वाहून जातं. काटाघरातले भाऊ मात्र तिथेच असतात. कारखाना कोल्हापूरकडचा असो की नगरकडचा, हा माणूस सापडायचाच. पन्नाशी उलटलेली, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि दाढीचा एक जुना ब्रश. ब्रश प्रिंटरसाठी असतो. भाऊंची स्वतःची दाढी आठवड्यातून एकदाच होते.

कागदोपत्री भाऊ साधे क्लार्क. भरलेल्या ट्रॉलीचं वजन घ्यायचं, मोकळ्या ट्रॉलीचं घ्यायचं आणि पावती फाडून द्यायची. वजाबाकी संगणक करतो. पण पावती छापणारा तो खडखड्या डॉट मॅट्रिक्स भाऊंच्या मते यंत्र नाहीच, ती त्यांची जबाबदारी आहे. गळिताच्या ऐन भरात रात्री दोनला कागद अडकला, तर गेटपर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागते, मग हॉर्न, मग शिव्या, आणि शिव्यांत संचालकांच्या आधी भाऊंचं नाव येतं.

म्हणून कागद अडकूच द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. कागदाचा नवा खोका आला की आधी कोरड्या जागी फळीवर, जमिनीवर कधीच नाही. ओल धरलेला कागद फुगतो आणि घड्यांशी चिकटतो. मग गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा, वरची चुरगळलेली दोन-चार पानं बिनदिक्कत फाडायची (हिशेबनीस इथे हमखास उसासा टाकतात) आणि खोका प्रिंटरच्या बरोबर पाठीमागे खाली ठेवायचा. बरोबर म्हणजे बरोबर. भाऊ एक डोळा मिटून बघतात, पायाने खोका दोन बोटं डावीकडे सरकवतात, पुन्हा बघतात. सलग कागदाच्या कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं असतात, बारा इंची पानाला एका बाजूला चोवीस. कागद तिरका वर चढला की एका बाजूची भोकं दातांवरून उतरतात, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

डाव्या बाजूची दातेरी पट्टी घट्ट करायची. उजवी मात्र कागद नुसता सरळ होईल इतकीच ओढायची. जास्त ताणली तर भोकं फाटून लांबट होतात, सैल सोडली तर कागदाला मधे पोट येतं आणि ते छपाईच्या डोक्यात अडकतं. नव्या पोरांना हे तंत्र सांगताना भाऊंचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो.

आणि तो बाजूचा खटका! सुट्या कागदाला रोलर धरतो, सलग कागदाला दात ओढतात. खटका सुट्यावर ठेवून सलग कागद लावला, की दोघंही एकाच वेळी ओढायला लागतात. संगणकाचा डिप्लोमा करून आलेल्या पोराने हे केलं, तेव्हा भाऊ म्हणाले, ‘‘आरं, कासरा दोघांच्या हातात दिला तर बैल जाईल कुठं?’’ पोराने घाईने चालू मशीनचीच मूठ उलटी फिरवायला घेतली. ‘‘हात काढ! आधी बटण बंद. आणि तीन प्रतींचा कागद मागं ओढायचा न्हाई, आतली प्रत दुमडती. फाड, आन् पुढनं काढ.’’

दसऱ्याला काटाघरात यंत्रपूजा होते. त्या दिवशी भाऊ प्रिंटरसमोर पहारेकऱ्यासारखे उभे असतात. हळदकुंकू झाकणाला, झेंडूचा हार टेबलाला, अक्षता काट्याला. तांदळाचा दाणा दातेरी पट्टीत गेला तर देवही काही करणार नाही, असं ते भटजींना तोंडावर सांगतात.

भाऊंचं खरं दुखणं वेगळंच आहे. शहरातून इंजिनिअर येतो, अडकलेला कपटा चिमट्याने काढतो, त्याला चहा, भजी आणि वर बिल. कागद अडकूच न देणाऱ्याला कोण विचारतो? न झालेल्या खोळंब्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. मग भाऊ अधूनमधून ‘‘आज वाचलो बघा’’ असं मोठ्याने म्हणतात. काय वाचलं ते सांगत नाहीत. माझा संशय असा की एखादा कागद ते स्वतःच तिरका सोडत असावेत, साहेब दारात दिसल्यावर सरळ करण्यापुरता.

कारखान्यात आता लेझर प्रिंटर आले. ते शेतकी खात्यात बसले, हिशेब विभागात बसले, काटाघरात मात्र बसले नाहीत. शेतकऱ्याची, वाहतूकदाराची आणि कारखान्याची अशा तिन्ही प्रती एकाच वेळी उठवायच्या तर कागदावर ठोका पडावा लागतो, आणि लेझर ठोका मारत नाही. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही हंगाम सुरू झाला की भाऊंना रोजंदारीवर बोलावणं येतं. ते येतात. ब्रश खिशातच असतो.