वाघाचा उपास, मामांचा नाश्ता

इंदूरच्या माणसाने 'दहाला निघू' म्हटलं, तर त्यात पोह्यांचा वेळ धरलेला नसतो. पाडवा रविवारी आला होता. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची पानं सगळ्यांनी तोंडं वाकडी करत गिळली आणि मामांनी जाहीर केलं, "चला, आज चिडियाघर!" आमचे चिरंजीव तत्क्षणी बूट घालून दारात उभे राहिले, ते तासभर तसेच. कारण सणाला घरात पुरण शिजत असलं तरी सकाळचे पोहे कोपऱ्यावर जाऊनच खायचे असतात.

हे पोहे आपल्यासारखे कढईत परतलेले नव्हेत. खाली उकळतं पाणी, त्यावर परात आणि परातीत वाफेवर ऊबदार राहिलेले पिवळेधमक पोहे, मध्ये मध्ये बडीशेप. गाडीवाल्याने कागदावर ढीग घातला, वरून मूठभर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि चिमटीने जिरावण मसाला भुरभुरला. शेजारी जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी, यावर डोंबिवलीच्या माणसाचा आक्षेप दुसऱ्या घासापर्यंत टिकतो. तिसऱ्याला मी जिलबी मागून घेतली. मामांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. रंगपंचमीला दहा दिवस उलटले तरी त्यांचा डावा कान गुलाबीच होता. राजवाड्यावरच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरने रंग उडवतात, तो कानामागून असा सहजासहजी निघत नाही. आणि काढायची मामांना घाईही नव्हती.

नवलख्याला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि निम्मं इंदूर आमच्या पुढे रांगेत उभं होतं. कमला नेहरू प्राणी संग्रहालय महापालिकेचं, 1974 सालचं, पसारा बावन्न एकरांचा. मार्च संपता संपता माळव्याचं ऊन असं तापतं की बावन्नपैकी सावलीचा एकर कुठला, एवढंच प्रत्येक कुटुंब शोधत असतं.

"पेंग्विन कुठायत?" चिरंजीवांनी आत शिरताच विचारलं. राणीच्या बागेत वाढलेलं मूल, त्याच्या लेखी पेंग्विन नसलेलं प्राणिसंग्रहालय म्हणजे नुसतीच बाग.

मामा दुखावले. "पेंग्विनचं काय घेऊन बसला रे! एसीत बसणारं पाखरू ते. चल, तुला आपल्या एमपीचा माल दाखवतो."

एमपीचा माल पाठ करून झोपला होता. पांढरा वाघ. गर्दी पाच पदरी, प्रत्येक बापाच्या खांद्यावर एक मूल आणि प्रत्येक मुलाच्या हातात बापाचा फोन. "ओ भिया, इधर देख ले यार!" अशी एकाने वाघाला अगदी घरगुती विनवणी केली. वाघाने शेपटीचं टोक इंचभर उचललं आणि परत ठेवलं. तेवढ्यावर टाळ्या पडल्या.

"बिचाऱ्याला ऊन लागून राहिलंय," मामी म्हणाल्या.

मामांचं व्याख्यान सुरू झालं होतं. 1951 साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन ठेवलं आणि गोविंदगढच्या वाड्यात त्याला वाढवलं. आज जगभरच्या पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ दिसतात ते बहुतेक त्याच्याच वंशातले. मोहनची लेक मोहिनी तर 1960 साली वॉशिंग्टनला गेली. "म्हणजे बघ, याची कुठलीशी पणजी का आत्या अमेरिकेत होती!" मामांच्या आवाजात असा अभिमान होता की मोहिनीला ग्रीन कार्ड जणू त्यांनीच मिळवून दिलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, मामा, पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. आई-बाप दोघांकडून तेच दबलेलं जनुक आलं तरच पिल्लू पांढरं निघतं. ते साधायला माणसांनी वाघांची नात्यातल्या नात्यात जुळणी केली, आणि त्यातून कुणाकुणाचा कणा वाकडा झाला.

"त्यात काय," मामी म्हणाल्या, "आपल्यात मामाच्या मुलीशी करायचेच की! तुझ्यासाठीसुद्धा आमच्या ताईचं..."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. वाघ इतका वेळ ज्या दिशेला पाहत नव्हता, त्या दिशेला मीही पाहिनासा झालो आणि घाईघाईने हरणांकडे वळलो.

तिथे मामांनी राज्याराज्यांतलं भांडण उकरून काढलं. "तुमच्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोण?"

"शेकरू."

"म्हणजे खार! आमचा बारशिंगा. शिंगं बघितलीस कधी?"

कान्ह्यात 1970 साली हाच बारशिंगा जेमतेम 66 उरला होता, तो तिथल्या लोकांनी कुरणं राखून वाढवला, हे मात्र मामांनी आवाज खाली आणून सांगितलं. त्यात फुशारकी नव्हती. मीही शेकरूची बाजू तेवढ्यापुरती सोडून दिली.

बाकावर टेकलो तर चिरंजीवांच्या हातून संत्र्याची साल खाली पडली. तीन अनोळखी माणसं एकदम ओरडली. हे शहर 2017पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावत आलंय. इथे कचरा घरातच सहा प्रकारांत वेगळा करतात. साल ओल्या डब्यात गेली खरी, पण तिच्याबरोबर आलेल्या चॉकलेटच्या चांदीचं काय करायचं, यावर मामा आणि ती तीन माणसं बराच वेळ चर्चा करत होती. शेवटी ती चांदी मामांच्या खिशात गेली. घरी नेऊन योग्य डब्यात टाकणार होते.

सिंहापाशी मी सहज म्हणालो, की आपल्याकडच्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. जंगलात कुठे रोज शिकार मिळते?

मामा थबकले. इंदुरात राहून कुणी उपाशी? ही कल्पना त्यांना झेपेना. इथे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर फराळी चिवडा, लिंबू आणि मग थोडी रबडी. "नुसतं पाणी?" त्यांनी दोनदा विचारलं. सिंहाकडे पाहून हळहळले आणि लगेच म्हणाले, "सूनबाई, भूक लागली असेल ना? छप्पन दुकानला शिकंजी पिऊ."

"हो, लिंबूपाणी चालेल," बायको भाबडेपणाने म्हणाली. शिकंजी म्हणून इथे घट्ट आटवलेलं दूध हातात पडतं, केशर-पिस्ते घातलेलं, प्यायचं की चमच्याने खायचं असा पेच पाडणारं. हे तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही, ताईचा विषय अजून ताजा होता.

पण साप बघायचे राहिले होते. चिरंजीवांनी भोकाड पसरलं. म्हटलं, बाळा, उद्या सकाळी येऊ, आपली अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळची आहे.

"उद्या सोमवार," मामा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "सोमवारी बंद असतं. तिकीट रद्द कर. आज रात्री सराफ्यात खाऊ, उद्या मामीच्या हातच्या पुरणपोळ्या, आणि परवा मंगळवारी पोहे खाऊन बरोब्बर दहाला निघू."